न वाजलेला भोंगा

१

गाडीचं मागचं दार उघडलं आणि ड्रायव्हरचे हात तिथेच थांबले. निळा डबा जागेवर नव्हता.

सलाइनची खोकी जाळीखाली जशीच्या तशी होती. गोळ्यांच्या पेट्या होत्या. दाराशी, सगळ्यांत शेवटी ठेवलेला, मांडीवर मावेल एवढा निळा डबा तेवढा दिसत नव्हता. त्याने जाळी उचलली, खोक्यांमागे हात घातला, गाडीखाली वाकून पाहिलं. मग पुन्हा आत चढला, जणू दुसऱ्यांदा पाहिल्यावर डबा तिथे असणारच होता.

त्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध एकच इंजेक्शन होतं. डोंगरावरच्या इस्पितळात एका लहान मुलीला ते आजच टोचायचं होतं. आणि ती मुलगी त्याचीच होती.

खिशातला फोन वाजू लागला. बायकोचा फोन. ती मुलीच्या उशाशी बसलेली असणार आणि विचारणार, "कुठवर आलात?"

त्याने फोन घेतला नाही. समोर औषधाच्या दुकानाचा मालक खोक्यांची वाट बघत उभा होता, त्याच्याकडेही पाहिलं नाही. दार आपटलं, गाडी वळवली आणि आल्या रस्त्याने तो गोदामाकडे सुसाट सुटला.

२

गोदामाच्या आवारात साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आणि त्यांचा निकाल तयार झाला.

"कुलूप तुटलेलं नाही. काच फुटलेली नाही. वायर कापलेली नाही. तू मध्ये थांबला होतास कुठे?"

"पंपावर, साहेब. चाकात हवा भरली, तोंड धुतलं."

"तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं, डबा काढला, दार लावलं. आणि भोंगा वाजला नाही! हे साध्या चोराचं काम आहे? ज्याला भोंगा गप्प करता येतो त्याचंच हे काम. आणि असा माणूस या गावात एकच आहे."

तो एकच माणूस थोड्याच वेळात आला. त्याचं गॅरेजच्या कोपऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. शाळेत असताना प्रयोगशाळेतले दिवे त्याने उडवले होते, तेव्हापासून त्याचं नाव बल्ब पडलं, ते पडलंच. तो ड्रायव्हरचा मेहुणा. आजारी मुलीचा सख्खा मामा. या गाडीचा भोंगा त्यानेच बसवला होता.

"भाऊजी, डबा मिळाला का?" आत शिरता शिरता त्याने विचारलं.

ड्रायव्हरने नाही म्हणून मान हलवली. त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.

साहेबांनी बल्बची पिशवी मागितली आणि टेबलावर उलटी केली. पक्कड, टेप, वायरची गुंडाळी. आणि खोडरबराएवढं चपटं, चौकोनी चुंबक.

"हे काय?"

"चुंबक. माझं काम चुंबकाचंच आहे, साहेब. न्हाव्याच्या पिशवीत कात्री सापडली तर नवल काय?"

"पण परवा मी बाकीच्या गाड्यांचं काम तुझ्याकडून काढून घेतलं. काम कच्चं आहे म्हणून सांगितलं. त्याचा राग होता ना तुला?"

"राग होता. आहेच. म्हणून भाचीचं औषध चोरू? तिला मांडीवर घेऊन मी घास भरवलाय."

"महागाचं औषध आहे. घेणारे असतात. पोलिसांना फोन केलाय. ते येईपर्यंत फाटकाबाहेर कुणी जायचं नाही."

"अहो पण डबा शोधायचा कुणी?" बल्ब ओरडला. "बर्फ काय पोलिसांची वाट बघणार आहे?"

डब्यातला बर्फ ऊन कलेपर्यंत टिकणार होता. त्यानंतर ते औषध पाण्याच्या मोलाचं. आणि तसलं दुसरं इंजेक्शन कंपनीकडून यायला कित्येक आठवडे लागत. मुलीच्या अंगात जे तयार व्हायला हवं ते होत नव्हतं, ते बाहेरून द्यावं लागे, आणि वेळ टळली की काय होतं ते गेल्या खेपेला सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही.

ड्रायव्हर खुर्चीत बसला होता. खिशातला फोन वाजून वाजून बंद झाला.

गोदामातला माल लावणाऱ्या काकूंना हे बघवेना. त्या मागच्या भिंतीशी गेल्या, रिकाम्या खोक्यावर चढल्या आणि पलीकडे हाक मारली.

"बाई! अहो बाई! जरा इकडे या. तुमच्या बल्बला चोर ठरवलंय इथे!"

३

बाईंनी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. बल्ब त्यांच्या हाताखालचा, ड्रायव्हर त्यांच्या हाताखालचा, आणि साहेब या गावचे नसले तरी त्यांची मुलगी सध्या बाईंकडे गणिताला यायची. त्यामुळे फाटक उघडायला कुणी नाही म्हणालं नाही.

"मला काही येत नाही यातलं," बाई पदर खोचत म्हणाल्या. "आधी तो भोंगा कसा वाजतो ते समजावून सांग, बल्ब. मी वर्गात नवीन आलेय असं समज."

"बाई, आत्ता? वेळ कुठे आहे?"

"वेळ नाही म्हणूनच. घाईने चुकीच्या दिशेला पळालो तर पळणंही वाया जाईल."

बल्बने कपाळावरचा घाम पुसला आणि सांगायला सुरुवात केली.

दाराच्या चौकटीवर काचेची एक बारीक नळी बसवलेली असते, काडेपेटीतल्या काडीएवढी. तिच्यात लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या असतात, अगदी जवळ, पण एकमेकींना न टेकलेल्या. चुंबक जवळ आलं की त्या ओढल्या जाऊन एकमेकींना चिकटतात, आणि वीज पुढे जाते. चुंबक लांब गेलं की सुटतात, वीज थांबते. नळी चौकटीवर, चुंबक दारावर. दार बंद असलं की चुंबक नळीशेजारी. वीज फिरत राहते, भोंगा गप्प. दार उघडलं की चुंबक दारासोबत गेलं. वीज तुटली, भोंगा ओरडला.

"गाडीच्या सगळ्या दारांच्या नळ्या एकाच वायरीत ओवल्यात, फुलांच्या माळेसारख्या. कुठलंही एक दार उघडलं तरी माळ तुटते. कुणी वायर कापली तरी तुटते. म्हणजे ओरडणारच."

"गाडी चालू असतानाही?"

"असतानाही. चढावर गाडी हळू झाली की मागून चढून माल काढतात, म्हणून साहेबांनीच तसं करून घेतलं होतं. ड्रायव्हरला दार उघडायचं असेल तर स्टिअरिंगखाली एक बटण आहे. ते दाबलं की जरा वेळ भोंगा गप्प बसतो. मग आपोआप जागा होतो, आणि दार अजून उघडं असेल तर बोंबलतो."

"आणि त्याला फसवायचं असेल तर?"

बल्बने टेबलावरच्या चुंबकाकडे पाहिलं.

"सांग की," साहेब म्हणाले.

"तर नळीपाशी दुसरं चुंबक धरायचं," बल्ब खाली बघत म्हणाला. "मग दार उघडलं तरी नळीला वाटतं, दार बंद आहे."

साहेबांनी टेबलावरचं चौकोनी चुंबक उचलून बाईंपुढे धरलं. "ऐकलंत?"

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "आता गाडीचं दार उघडा बघू."

काकूंनी जाऊन मागचं दार ओढलं. आणि भोंग्याने असा आक्रोश केला की छपरावरची पाखरं उडाली.

४

दार लावल्यावर सगळ्यांच्या कानात अजून तो आवाज घुमत होता.

"म्हणजे भोंगा ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "चोराने तेवढ्यापुरता गप्प केला आणि जाताना आपलं चुंबक घेऊन गेला. माझं म्हणणं सिद्धच झालं."

बल्बचं तोंड उतरलं. भोंगा बिघडला असता तर तो सुटला असता. त्याचं कामच त्याच्यावर उलटलं होतं.

बाईंनी काकूंना बाजूला घेतलं. "सकाळी डबा तुम्हीच ठेवलात ना?"

"मीच. बाकीचा सगळा माल लागला, मग अगदी शेवटी फ्रीजमधून काढला. आधी काढला तर बर्फ उतरतो ना. दाराशी ठेवला. जाळी आधीच आवळली होती, पुन्हा कोण सोडणार? इथेच तर जायचंय म्हटलं."

"माल लागेपर्यंत दार उघडंच होतं?"

"मग काय! बराच वेळ. सलाइनची एवढी खोकी, मी प्रत्येक खोकं पुसून आत देते. साहेबांना धूळ चालत नाही."

"भोंगा वाजला का हो मध्ये?"

"छे! आता गुणी झालाय तो. आधी आधी किती छळायचा, बटणाची वेळ संपली की कोकलायला लागायचा, मी कानात बोळे घालून काम करायचे. आता बरेच दिवस झाले, माझ्या कानांना सुख आहे."

बाई क्षणभर काकूंकडे बघत राहिल्या. मग ड्रायव्हरसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"पोरगी कशी आहे रे?"

इतक्या वेळात हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "वाट बघतेय," एवढंच म्हणाला.

"हा भोंगा तुला त्रास द्यायचा का?"

"द्यायचा. उगाच वाजायचा, बाई. खाणीजवळचा चढ आहे ना, तिथे. मागे माणूस नाही, कुत्रं नाही, आणि हा बोंबलतोय. सारखं तिथेच. उतरून बघावं तर दार बंद."

"मी दोनदा तपासून गेलो," बल्ब मध्येच म्हणाला. "इथे आवारात उभ्या गाडीत. सगळं बरोबर होतं. म्हणून तर साहेब म्हणाले, काम कच्चं."

"मग पुढे?" बाईंनी ड्रायव्हरला विचारलं.

"पुढे... बरा झाला आपोआप."

"आपोआप?"

फोन पुन्हा वाजू लागला. तो काढताना खिशातल्या किल्ल्या वर आल्या, त्या त्याने टेबलावर ठेवल्या, नेमक्या साहेबांच्या कागदांपाशी, जिथे स्टेपलरच्या सुट्ट्या पिना पसरल्या होत्या. फोन कानाला न लावताच त्याने बंद केला, किल्ल्या परत उचलल्या आणि खिशात टाकल्या.

बाईंची नजर टेबलावर होती. मघाशी तिथे बऱ्याच पिना होत्या. आता एकही नव्हती.

"साहेब," त्या उठत म्हणाल्या, "मला गाडीत चढायला एक स्टूल द्या."

५

स्टिअरिंगखालचं बटण दाबून दार उघडलं, तेव्हा बाई आधी आत गेल्याच नाहीत. दार लावून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. ते सहज लागत नव्हतं. खालून जरा उचलून जोरात आपटलं तरच कडी बसल्यासारखी वाटे.

"हे कधीपासून?"

"जुनंच आहे," साहेब म्हणाले. "चालतंय ना, मग चालू दे म्हटलं. त्याचा काय संबंध?"

बाई स्टुलावर चढल्या. चौकटीच्या वरच्या अंगाला बल्बची नळी एका पांढऱ्या डबीत बसवलेली होती. तिच्या शेजारी पत्र्यावर काळपट मळ होता, आणि त्या मळात एक गोल डाग अगदी स्वच्छ होता. बांगडीएवढा गोल, मध्ये पुन्हा मळाचा ठिपका.

मग त्या सलाइनच्या खोक्यांकडे वळल्या. दाराकडच्या खोक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. आतल्या, पुढच्या खोक्यांवरून दुसरं बोट फिरवलं. ते स्वच्छच राहिलं.

बाई त्या पांढऱ्या बोटाकडे बघत उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांची बोटं अशीच असायची. पण हा खडू नव्हता.

भोंगा कोकलला. बटणाची वेळ संपली होती.

"बंद करा तो!" साहेब कानांवर हात ठेवून ओरडले.

"ऐका, ऐका तो," बाई खाली उतरत म्हणाल्या. "सकाळी हा असाच वाजायला हवा होता. काकू खोकी पुसत होत्या तेव्हा."

त्यांनी दार लावलं. आवारात एकदम शांतता पसरली.

"पोलिसांची वाट बघू नका. डबा कुणी चोरलेलाच नाही."

६

"बल्ब, तुझं चुंबक कसं आहे?" परत टेबलापाशी आल्यावर बाईंनी विचारलं.

"चौकोनी."

"चौकटीवरचा डाग गोल आहे. मध्ये भोक असलेलं चुंबक तिथे बरेच दिवस चिकटून होतं. जुन्या स्पीकरच्या मागे असतं तसलं. चोराचं चुंबक पंपावर क्षणभर टेकलं असतं, तर पत्र्यावर असा डाग पडला नसता. शिवाय काकू सांगताहेत की सकाळी दार उघडं असूनही भोंगा गप्प होता. म्हणजे गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधीपासूनच तो मुका होता. चोर यायचा होता अजून."

"मग आत्ता कसा वाजतोय?" साहेबांनी विचारलं.

"कारण ते चुंबक आता तिथे नाही. सकाळी होतं, आत्ता नाही. मधल्या वेळात गाडीसोबत एकच माणूस होता."

ड्रायव्हर खुर्चीच्या दांड्याला धरून बसला होता.

बाई त्याच्याजवळ गेल्या. आवाज चढवला नाही. फळ्यासमोर अडलेल्या पोराशी बोलावं तशा बोलल्या.

"किल्ल्या काढ बाळा खिशातून."

त्याने किल्ल्या काढल्या. त्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, आणि त्यांना साहेबांच्या टेबलावरच्या सगळ्या पिना लोंबत होत्या.

मग त्याने दुसऱ्यांदा हात घातला आणि काळं, जड, गोल चुंबक बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"भाऊजी!" बल्बचा आवाज फाटला. "मला चोर म्हणत होते तेव्हा तुम्ही इथे बसला होतात!"

"हो."

"तोंड शिवलं होतं का तुमचं? पोलीस मला घेऊन गेले असते तर ताईला काय सांगितलं असतं?"

"काय करू मग?" ड्रायव्हर उठून उभा राहिला. "त्या चढावर तो रोज बोंबलायचा. प्रत्येक थांब्यावर बोंबलायचा. लोक हसायचे. म्हणून लावलं चुंबक. डबा गेलेला दिसला आणि दार लावता लावता हात आपोआप वर गेला, काढून खिशात टाकलं. भोंगा मी मुका केला हे कळलं तर नोकरी जाणार. ही नोकरी आहे म्हणून कंपनी पोरीला औषध देते. आजचं गेलं, पुढचीही सगळी गेली असती. आणि मी सांगून फायदा काय होता? चोर तर पळालाच होता!"

"तिथेच तर चूक झाली," बाई हळू म्हणाल्या. "भोंगा वाजला नाही म्हणून आपण सगळे हुशार चोर शोधत बसलो. तू वेळेवर सांगितलं असतंस तर कळलं असतं की भोंगा वाजणारच नव्हता, मग दार चोराने उघडलेलं असो की आपोआप उघडलेलं."

"आपोआप?"

"तो चढावर उगाच वाजत नव्हता रे. तो खरं सांगत होता. कडी नीट बसत नाही. खाणीच्या ट्रकांनी तो रस्ता फोडलाय. तिथल्या धक्क्यांनी कडी सुटायची, दार जरासं उघडायचं, भोंगा ओरडायचा. चढ संपून उतार लागला, तू ब्रेक दाबलास, की दार पुन्हा आपटून लागायचं. तू बघायचास तेव्हा बंद. आवारात उभ्या गाडीत बल्बला काय सापडणार? आज धक्का मोठा बसला असेल. दार सताड उघडलं आणि खाणीची धूळ आत आली." त्यांनी आपलं पांढरं बोट वर केलं. "काकूंनी सकाळी पुसलेल्या खोक्यांवर. जाळीखाली सगळं राहिलं. जाळीबाहेर एकच गोष्ट होती."

ड्रायव्हर दाराकडे धावला सुद्धा.

"थांब," साहेब म्हणाले. सगळे गोठले. साहेबांनी फाटकाची किल्ली त्याच्या अंगावर फेकली. "चालतंय ना म्हणत ती कडी मीच चालू दिली. उघड फाटक. मी पण येतो."

७

चढावर गाडी थांबली तेव्हा ऊन पिवळं पडायला लागलं होतं.

रस्त्याच्या एका अंगाला डोंगर कापलेला, दुसऱ्या अंगाला दगडांचे ढीग आणि खाली उतरत गेलेली घसरण. जिथे भोंगा नेहमी वाजायचा तो खड्डा ड्रायव्हरने दाखवला. सगळे तिथून ढिगांमध्ये पांगले. बल्ब ढिगांवर चढला, काकू झुडपं हलवू लागल्या, साहेब इस्त्रीच्या पँटीत दगडांवरून घसरत होते.

निळं काहीच दिसत नव्हतं.

"कुणी उचलून नेला असेल," साहेब धापा टाकत म्हणाले.

ड्रायव्हर एका दगडावर मटकन बसला. फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याने घेतला. पलीकडून काय बोललं जात होतं ते कुणाला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "माझ्यामुळे गं. माझ्यामुळेच," आणि फोन तसाच हातात धरून बसला.

बाई गाडीपाशीच उभ्या होत्या. त्यांचे गुडघे ढिगांवर चढू देत नव्हते. त्यांनी पायाजवळचा एक वाटोळा दगड उचलला, ड्रायव्हरने दाखवलेल्या खड्ड्यापाशी ठेवला आणि सोडून दिला. दगड घरंगळत मागे गेला, वळणापर्यंत, आणि कडेवरून खाली पडला.

"अरे, वर काय शोधताय?" त्या ओरडल्या. "चढावर पडलेली वस्तू पडते तिथे राहते का? खाली बघा, वळणाच्या खाली! आणि निळं शोधू नका. सकाळपासून ट्रक जाताहेत इथून. पांढरं शोधा!"

बल्ब वळणाखाली उड्या टाकत गेला. दगडांमध्ये एक दगड फारच चौकोनी होता. त्याने त्यावरून तळहात फिरवला. हाताखाली निळा रंग उमटला.

"भाऊजी!"

डब्याचा कोपरा फुटला होता, पण झाकणाचा चिमटा टिकला होता. सगळे भोवती वाकले. झाकण उघडायचं धाडस कुणाला होईना. शेवटी काकूंनीच उघडलं, त्यांच्या हातांना ती सवय होती. बर्फाच्या पिशव्या मऊ पडल्या होत्या. एका पिशवीत बोटभर खडा अजून शिल्लक होता. इंजेक्शनच्या वेष्टनावर एक पट्टी असते, औषध तापलं की ती लाल होते.

पट्टी हिरवी होती.

ड्रायव्हरने डोळे मिटले आणि काही क्षण तसाच उभा राहिला.

"उभा काय राहिलास?" साहेब खेकसले. "नीघ! आम्ही येऊ मिळेल त्या गाडीने." मग जरा थांबून, पँटीवरची धूळ झटकत म्हणाले, "उद्या गाडी आधी कडी बदलायला ने. मग ये माझ्याकडे."

ज्याला काढून टाकायचं आहे त्याला कुणी कडी बदलायला सांगत नाही. ड्रायव्हरला ते कळलं. त्याने मान लववली.

मागची कडी आता बसतच नव्हती. बल्बने वायरची गुंडाळी काढून दार चौकटीला करकचून बांधलं, तरी बोटभर फट राहिलीच. डबा मांडीवर घट्ट धरून तो ड्रायव्हरशेजारी बसला. गाडी हलली आणि भोंगा बोंबलायला लागला.

ड्रायव्हरचा हात सवयीने स्टिअरिंगखालच्या बटणाकडे गेला.

"दोन्ही हात गाडीवर ठेवा, भाऊजी," बल्ब म्हणाला. त्याचा राग अजून गेला नव्हता, पण डबा त्याने पोरीला धरावं तसा धरला होता. "ऊन कलतंय. आणि त्याला वाजू द्या."

गाडी वळणामागून वळणं घेत वर चढत राहिली. समोरून येणारे ट्रक बाजूला होत होते. रस्त्यावरची माणसं कानांवर हात ठेवून वळून बघत होती.

डोंगरावरच्या इस्पितळात खिडकीशी बसलेल्या ड्रायव्हरच्या बायकोने डोकं वर केलं. खालच्या दरीतून एक आवाज येत होता, बारीक, न थांबणारा. ती या आवाजाला चांगलीच ओळखत होती. कितीतरी दिवस तो घराच्या दारातही वाजायचा, आणि नवरा त्याला शिव्या द्यायचा.

आवाज वळणाआड गेला. पुन्हा आला. आता जवळून आला.

तिने मुलीच्या गार कपाळावर हात ठेवला.

"ऊठ गं, छकुले," ती म्हणाली. "बाबा आले."